मेरीलँड: वीज सप्लायरने घरगुती ग्राहक सोडले, आता युटिलिटीवरच राहायचं का?

बाल्टिमोरवाली

नमस्कार मंडळी. वीजबिलाबद्दल विचारायचंय, इथे बऱ्याच वर्षांपासून असलेल्यांना बावळट प्रश्न वाटेल पण वाटू दे. आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो म्हणजे तारा, मीटर, बिल सगळं बीजीईचं (इथली युटिलिटी, म्हणजे घरापर्यंत वीज पोचवणारी कंपनी), वीज मात्र एका बाहेरच्या सप्लायरकडून घेत होतो, दारावर आलेल्या एका मुलाने टॅब्लेटवर सही घेतली होती तेव्हापासून. आता त्यांचं पत्र आलंय की आम्ही मेरीलँडमधले घरगुती ग्राहक यापुढे ठेवत नाही, करार संपला की तुम्ही आपोआप बीजीईच्या स्टँडर्ड ऑफर सर्व्हिसवर (सप्लायर न निवडणाऱ्यांना बीजीई देते ती वीज) जाल. नवरा म्हणाला सुंठीवाचून खोकला गेला. पण नक्की झालं काय ते कळत नाहीये, पत्रात "रेग्युलेटरी बदलांमुळे" एवढंच लिहिलंय.

त्यात नातेवाईकांचे सल्ले. ह्यूस्टनचा भाऊ म्हणतो अगं चांगला प्लॅन शोध, आमच्याकडे सगळे दरवर्षी बदलतात. क्वीन्समधली मावसबहीण म्हणते अजिबात नको, सगळे चोर आहेत, न्यूयॉर्कने तर त्यांना वेसणच घातली. एकाच देशात दोघांचं म्हणणं एवढं उलट कसं? आणि मेरीलँडचा नवा कायदा ग्राहकाच्या भल्यासाठी केला असं सगळीकडे वाचतेय, मग सप्लायर पळून का जातायत? बीजीईचे दरही वाढलेत म्हणून धास्ती आहे. दुसरा सप्लायर शोधू का गप्प बसू?

कंप्लायन्सवाला

मी याच धंद्यात आहे (सप्लायरच्या बाजूने, तेव्हा माझं म्हणणं थोडं मीठ कमी करून घ्या), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेरीलँडने १९९९ मध्ये कायदा करून रिटेल वीज खुली केली. २०२४ मध्ये सिनेट बिल १ पास झालं, गव्हर्नर वेस मूर यांनी मे महिन्यात सही केली आणि घरगुती ग्राहकांबाबतचे मुख्य नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. करार जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. दर महिन्याला नाचणारा व्हेरिएबल रेट बंद, फक्त ऋतुमानाप्रमाणे वर्षातून दोनदा बदल चालतो. दारोदार विकणाऱ्या माणसालाही लायसन्स लागतं. हे सगळं एक वेळ जमवता येतं, खरी मेख दराच्या कलमात आहे. करार करायच्या दिवशी तुमच्या भागातल्या युटिलिटीच्या स्टँडर्ड ऑफरच्या मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीपेक्षा जास्त दर लावता येत नाही. हरित वीज म्हणून विकायची असेल तर त्याचा हिशोब वेगळा, तो दर पब्लिक सर्व्हिस कमिशन (राज्याचं वीज-गॅसचं रेग्युलेटर) ठरवतं, आणि त्यावरून कोर्टकचेरीही झाली.

आता "मागच्या" या शब्दाकडे बघा. समजा मागच्या बारा महिन्यांची सरासरी युनिटला १० सेंट आहे आणि पुढच्या वर्षाची वीज बाजारात आम्हाला १३ ला पडतेय. मग आम्ही तुम्हाला १० ला विकायची? कोणीच विकणार नाही, ऑफरच काढणार नाही. आणि नेमकं तेच झालं कारण कायदा लागू व्हायला आणि बाजार चढायला एकच गाठ पडली. पीजेएम म्हणजे १३ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसीचं ग्रिड चालवणारी संस्था, तिच्या कपॅसिटीच्या (गरजेला वीज देता येईल अशी तयारी ठेवण्याच्या) लिलावात दर मेगावॉट-दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ वर गेला, हा लिलाव जुलै २०२४ चा, लागू झाला जून २०२५ पासून. तुमच्या बीजीईच्या झोनमध्ये तर ४६६.३५. का, तर तिथे स्थानिक वीजनिर्मिती कमी, बाहेरून वीज आणणाऱ्या लाईन्सची क्षमता मर्यादित. तुमचं बीजीईचं बिल वाढलं त्यात याचाही हात आहे. ही वाढ युटिलिटी, कमिशनच्या मंजुरीने, ग्राहकाकडून वसूल करू शकते, आम्हाला मात्र सरासरी त्या पातळीला पोचेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोपर्यंत ऑफिसचा खर्च कोण काढणार. म्हणून बरेच सप्लायर घरगुती धंदा बंद करून फक्त दुकानं-कारखान्यांचा ठेवतायत, त्यांना ही मर्यादा नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. बाजार उतरायला लागला की हेच कलम सप्लायरच्या फायद्याचं होतं कारण मागची सरासरी चालू दरापेक्षा वर असते, म्हणजे कायद्यात बसूनही तुम्हाला युटिलिटीपेक्षा महाग विकता येतं. त्यामुळे "मर्यादा आहे म्हणजे स्वस्तच असणार" असं धरून चालू नका.

खडूस_काका

वरच्यांनी मीठ कमी करा म्हटलंय म्हणून मी करतोच.

ताई, तुमचं काहीही बुडालेलं नाही. बिलाचे दोन भाग असतात, डिलिव्हरी आणि सप्लाय. डिलिव्हरी कोणाकडूनही वीज घ्या बीजीईचीच, ती रुपयाने कमी होत नाही (सवय जात नाही, सेंटने म्हणा). सप्लायरबरोबर बदलतो तो फक्त दुसरा भाग, आणि तिथे युटिलिटी टप्प्याटप्प्याने आधीच लिलावात घेतलेली वीज देते. त्याहून स्वस्त देण्यासाठी सप्लायरकडे कुठली जादू आहे? पॉवर प्लांट त्यांचा नाही, तारा त्यांच्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी तर बिलही युटिलिटीच पाठवते. पहिले तीन महिने गोड दर आणि नंतर व्हेरिएबल, एवढाच खेळ वर्षानुवर्षं चालला.

मी मॅसॅच्युसेट्सचा. २०१८ मध्ये तेव्हाच्या अॅटर्नी जनरल मॉरा हीली यांच्या ऑफिसने हिशोब काढला, जुलै २०१५ ते जून २०१७ या दोन वर्षांत सप्लायरकडे गेलेल्या घरगुती ग्राहकांनी युटिलिटीकडे राहिले असते त्यापेक्षा १७ कोटी ६८ लाख डॉलर जास्त भरले. त्यात कमी उत्पन्नाच्या घरांचं प्रमाण जास्त. घरगुती एकेकटे करार बंदच करा असं विधेयक इथे पुन्हापुन्हा आलं, सिनेटने पासही केलं होतं, पण हाऊसमध्ये (विधिमंडळाच्या दुसऱ्या सभागृहात) अडकलं.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. बऱ्याच राज्यांत "परचेस ऑफ रिसीव्हेबल्स" अशी सोय आहे. तुम्ही बिल भरा न भरा, सप्लायरचे पैसे युटिलिटी थोडी कटौती करून त्याला देऊन टाकते आणि वसुलीची कटकट स्वतःच्या डोक्यावर घेते. मग ज्याला बिल झेपणारच नाही अशालाही महाग करार विकायला त्याला भीती कसली? दारावर येणारी ती पोरं अमुकच वस्त्यांत जास्त का फिरायची याचं निम्मं उत्तर इथे आहे. रेग्युलेटर एकदम जागे झाले नाहीत हो, कनेक्टिकटने व्हेरिएबल रेट २०१५ मध्येच बंद केला. इलिनॉयने २०२० पासून सप्लायरच्या जाहिरातीत युटिलिटीचा दर शेजारी छापायची सक्ती केली. तुमच्या मावसबहिणीच्या न्यूयॉर्कमध्ये कमिशनने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की एकतर युटिलिटीपेक्षा स्वस्त देण्याची हमी द्या, नाहीतर फिक्स्ड दर मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीच्या फार तर ५ टक्के वर, नाहीतर रिन्यूएबल वीज विका. कमिशनला असा अधिकार आहे का यावर सप्लायर मंडळी राज्याच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेली होती आणि हरली.

गप्प बसा. शोधायचंच असेल तर तुमच्या गावाने सगळ्यांची मिळून वीज घ्यायची अॅग्रीगेशन योजना काढलीय का बघा, इथे अनेक शहरांत ती बरी चालते कारण करार गावाचे वकील वाचतात.

ह्यूस्टनचा_बंड्या

काका सगळ्या देशाला एका मापाने मोजू नका राव.

टेक्सासच्या बहुतेक भागात (ऑस्टिन, सॅन अँटोनिओ सारखी शहराची स्वतःची वीज असलेली गावं सोडा) परत जायला युटिलिटीच नाहीये. १९९९ चा कायदा, १ जानेवारी २००२ पासून स्पर्धा सुरू, सेंटरपॉइंट नाहीतर ऑन्कॉर फक्त तारा सांभाळतात, वीज विकू शकत नाहीत. त्यामुळे ताईंचा भाऊ दरवर्षी प्लॅन बदलतो ते हौस म्हणून नाही, नाही बदलला तर करार संपल्यावर महिन्या-महिन्याच्या महाग दरावर पडतो. सप्लायर बुडाला तर शेवटचा आसरा म्हणून नेमलेला दुसरा सप्लायर तुम्हाला घेतो पण त्याचा दर डोळे पांढरे करणारा असतो, तिथून लगेच बाहेर पडायचं.

नियम इथेही कडक झालेत पण ते दरावर नाही तर प्लॅनच्या प्रकारावर आणि माहितीवर. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत घाऊक भाव मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेवर अडकून राहिला होता, म्हणजे युनिटला ९ डॉलर. ग्रिडी नावाची कंपनी महिन्याला ९.९९ डॉलर फी घेऊन घाऊक भावच थेट ग्राहकाला लावायची. लोकांना हजारो डॉलरची बिलं आली, मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत. त्याच वर्षी विधिमंडळाने घरगुती ग्राहकाला घाऊक भावाला जोडलेला प्लॅन विकायलाच बंदी केली, फिक्स्ड करार संपायच्या आधी तीन नोटिसा द्यायला लावल्या, आणि ती ९,००० ची मर्यादा पुढे ५,००० वर आणली. करार संपायच्या आधीच्या १४ दिवसांत दंड न भरता बदलता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

तरी पळवाटा आहेतच. प्रत्येक प्लॅनबरोबर एक फॅक्ट्स लेबल द्यावं लागतं, त्यावर ५००, १००० आणि २००० युनिटचा सरासरी दर. मग कंपन्या काय करतात, बरोब्बर १००० युनिटला मोठं क्रेडिट ठेवतात. सरकारी वेबसाईटवर १००० युनिटच्या दराने यादी लावली की तो प्लॅन सगळ्यात वर, तुम्ही खूश होऊन घेता आणि एखाद्या महिन्यात ९९० युनिट वापरले की क्रेडिट गायब, बिल गप्पकन वर. माझ्या मते हे व्हेरिएबल रेटपेक्षा जास्त लबाड आहे कारण कागदावर सगळं खरं असतं. भावाला सांगा तिन्ही आकडे बघ, आपली वर्षभराची बिलं काढ आणि मगच सही कर.

लंडनमधून_मी

उगाच नाक खुपसतोय पण कंप्लायन्सवाल्यांचं मागच्या सरासरीचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडे हे मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. जानेवारी २०१९ पासून ऑफजेमची (इथलं वीज-गॅसचं रेग्युलेटर) प्राइस कॅप म्हणजे दराची कमाल मर्यादा आली, तेव्हा ती दर सहा महिन्यांनी बदलायची. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले, कॅप मागेच, ज्यांनी पुढची खरेदी करून ठेवली नव्हती असे सप्लायर विकतील तेवढं नुकसान करत होते. जवळपास तीस सप्लायर बुडाले, बल्ब नावाचा तर १५ लाखांहून जास्त ग्राहक असलेला, त्याला सरकारी पैशावर चालवावं लागलं आणि नंतर ऑक्टोपस या दुसऱ्या सप्लायरने घेतला.

फरक एवढाच की इथे ग्राहक सोडून निघून जायची सोय नव्हती, बुडायचंच होतं, आणि बुडालेल्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे हलवायचा खर्च सगळ्यांच्या बिलात आला. न बुडालेल्या कंपनीच्या ग्राहकांच्याही! तुमच्या मेरीलँडमध्ये सप्लायर शांतपणे पत्र पाठवून जातोय आणि खाली झेलायला युटिलिटी आहे, हे त्यामानाने खूप बरं. आता इथे कॅप दर तीन महिन्यांनी बदलते, शिवाय सप्लायरच्या गाठीला किती पैसा हवा यावरही नियम आलेत. आधी म्हणे एक्सेल शीट आणि वेबसाईट असली की सप्लायर होता यायचं.

बाल्टिमोरवाली

सगळ्यांचे खूप आभार, पत्रातल्या एका ओळीमागे एवढं असेल असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, आता आठवडाभर ऐकवेल. सध्या स्टँडर्ड ऑफरवरच राहतेय. दोन शंका राहिल्यात. आमचा गॅसही त्याच सप्लायरकडे आहे, पत्रात फक्त विजेचं लिहिलंय, तोही आपोआप जाईल का? आणि पत्र आल्यापासून "तुमचा दर लॉक करून देतो" म्हणून रोज फोन येतायत, ते कोण?

कंप्लायन्सवाला

गॅसचा करार वेगळा असतो, एकाच कंपनीचा असला तरी. नवीन कायद्यात गॅस सप्लायरही आहेत, पण तुमचा करार कधी संपतो ते बिलाच्या गॅसवाल्या पानावर बघा आणि सप्लायरला लेखी विचारा, विजेबरोबर तो आपोआप सुटेल असं समजू नका.

फोनवाल्यांना बिलावरचा चॉइस आयडी सांगू नका, अकाउंट नंबरही नको. तेवढ्या माहितीवर तुमचं खातं दुसरीकडे हलवता येतं, तुम्ही हो म्हटलंय असं रेकॉर्डिंग दाखवलं की झालं. कधी न विचारता बदललंच तर आधी बीजीईला कळवा आणि मग पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या साईटवर तक्रार टाका, तक्रार नंबर जपून ठेवा. आमच्या ऑफिसात कमिशनकडून आलेली तक्रार पहिली उघडतात, ग्राहकाची ईमेल नंतर.

खडूस_काका

आणि दारावर आला तर आधी लायसन्स मागा.