भिलारची एक चक्कर मारा
मुलांना आणि आपल्यालाही, निरनिराळ्या विषयांची पुस्तकं निवांत चाळायला कुठे मिळतील, असं वर विचारलंय. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळचं भिलार कुणीच कसं सुचवलं नाही? २०१७ पासून तिथे गावकऱ्यांच्या घरांतच विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. एका घरात बालसाहित्य, दुसरीकडे चरित्रं, कुठे इतिहास, कुठे कविता. बसून वाचायला पैसे पडत नाहीत. पोरं एका घरात रमली की आपण पुढच्या घरात! (स्ट्रॉबेरीच्या हंगामात गेलात तर पोरं आधी शेतात पळतील, हे गृहीत धरा.)

घरबसल्या हवं असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून बरीच पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मुखपृष्ठं रुक्ष असतात, तेवढ्यावरून सोडू नका.