राकसकोपची पहाट आणि लेन्सवरचं दव

सूर्य डोंगराआड गेला की बेळगावजवळच्या राकसकोप धरणावर फोटोसाठी काही उरत नाही, ट्रायपॉड आवरा, असं म्हटलं जातं. मला अजिबात पटत नाही. खरा रंग त्यानंतरच्या २०-२५ मिनिटांत चढतो. पाणी आभाळाहून किंचित गडद, काठची झाडं नुसती काळी.

एकट्यानं मुक्काम करणाऱ्यांना सांगायची राहून जाणारी गोष्ट म्हणजे दव. थंडीत, निरभ्र रात्री उघड्यावरची काच हवेपेक्षाही गार पडते, तिच्यावर दव बसतं, आणि पहाटे मार्कंडेय नदीच्या पाण्यावर धुकं तरंगत असताना फोटो दुधाळ येतात. मी लेन्सभोवती लोकरी मोजा चढवतो, आत हात शेकायची पुडी. नुसतं पुसून भागत नाही, काच लगेच पुन्हा धुरकटते. आणि गावात कुणाला तरी सांगून जा. बेळगावला पिण्याचं पाणी इथूनही जातं, म्हणून रात्री धरणाच्या भिंतीकडे फिरकू नका.