केळीचा ग्रुप हाताबाहेर गेलाय, अ‍ॅडमिनने काय करावं?

केळीवाला_यावल:
राम राम मंडळी. सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघा मित्रांनी केळी उत्पादकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. रावेर आणि बऱ्हाणपूरचा भाव सकाळच्या चहाला कळावा, करपा किंवा सीएमव्ही (केळीचा विषाणू रोग) वाटला तर पानाचा फोटो टाकून विचारता यावं, एवढंच डोक्यात होतं. आता ८०० च्या वर माणसं झाली आणि ग्रुपचा आठवडी बाजार झालाय. 'आज नवती अमुक' असा मेसेज पडतो, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीचा भाव. फरक (भावात वेगळी धरली जाणारी रक्कम) धरून की सोडून, कालचा की आजचा, पत्ता नाही. मधूनमधून खतवाले, रोपवाले, निवडणूकवाले. मागच्या महिन्यात कुणीतरी पीएम किसानच्या नावाने एपीके (फोनमध्ये अनोळखी अॅप बसवणारी) फाइल टाकली, एका काकांनी उघडली, खात्यातले पैसे गेले.

पण खरी गोची पुढेच आहे. एका शेतकऱ्याने लिहिलं की व्यापाऱ्याने जाहीर भावापेक्षा क्विंटलला दोनशे कमी दिले, वर वजनातही मारलं. आमच्यातल्या एका अ‍ॅडमिनने मेसेज उडवला आणि माणसालाच काढून टाकलं. व्यापारी निघाला त्याचा साडू! तेव्हापासून ग्रुप गप. ग्रुप इन्फोत खाली जाऊन पाहिलं तर साठ दिवसांत ३७ जण न बोलता निघून गेलेत. गेले तेही नेमके फोटो बघून अचूक सांगणारे. नियम कडक करू, की नवा ग्रुप काढू?

चोपडा_कांदेबाग:
नवा काढू नका भाऊ, हीच माणसं तिकडे येतील. आधी सेटिंग बघा. नवीन माणूस अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय आत येणार नाही असं करा. भावाच्या मेसेजचा साचा ठरवा: तारीख, बाजार, नवती की पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांची केळी) की वापसी (हलक्या प्रतीचा माल), फरक वेगळा. साच्यात नसेल तो मेसेज उडवायचा, मग सरपंचाचा असो. जाहिरातीला रविवार द्या. एपीके टाकणाऱ्याला मात्र विचारत बसू नका, लगेच बाहेर. बहुतेकदा त्याचाच फोन हॅक झालेला असतो, म्हणून त्याला फोन करून सांगाही. काकांना १९३० वर तक्रार करायला लावली का? पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की अवघड.

रावेर_टिश्यू:
इतकी झंझट कशाला? 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकतील' करा, विषय संपला.

चोपडा_कांदेबाग:
मग पानाचा फोटो कोण टाकणार? तुम्ही?

जळगाव_काळाकोट:
अ‍ॅडमिन लोक घाबरून मेसेज उडवतात, असंही असतं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या प्रकरणात सांगितलंय की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून तो जबाबदार धरला जात नाही. दोघांचा आधीपासून संगनमताचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार असेल तर काटा-पावतीचा फोटो आणि तारीख मागा, आणि व्यापाऱ्यालाही उत्तर द्यायला जागा ठेवा. पावती नसेल तर नाव न टाकता लिहू द्या.

आबा_साक्री:
दादा, तुमना ग्रुपमा बी हाईच रामायण शे का! आमच्या तालुक्यात १ जुलै २०१८ ला राईनपाड्याला काय घडलं ते साऱ्या देशाने पाहिलं. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं जमावाने मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली. तेव्हापासून मी तरी 'फॉरवर्डेड' दिसलं की आधी विचारतो, तू स्वतः पाहिलंस का?

तुमच्या प्रश्नाला उत्तर आमच्या पांझरा नदीच्या फडात आहे, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या रीतीत. फड पद्धतीत चारी ज्याने त्याने मनाने फोडायची नाही. पंच पाळी ठरवतात, पाटकरी त्याप्रमाणे पाणी देतो, जागल्या पीक राखतो, आणि त्यांचा मोबदला सगळे शेतकरी मिळून देतात. एका फडात एकच पीक, मग मालक कितीही मोठा असो. तुमच्याकडे पाटकरीच साडूच्या वावरात चारी फोडतोय आणि तुम्ही शेतकऱ्यासाठी कडक नियम विचारताय. नात्यातलं प्रकरण आलं की त्या अ‍ॅडमिनने हात लावायचा नाही, दुसऱ्या दोघांनी बघायचं, एवढं आधी लिहून लावा. चुकणाऱ्याला पहिल्यांदा खासगीत सांगा, दुसऱ्यांदा ग्रुपवर, तिसऱ्यांदा महिनाभर बाहेर. थेट हाकलणं एपीकेवाल्यालाच. आणि चौघे मित्रच अ‍ॅडमिन का? एक खिर्डीकडचा घ्या, एक फैजपूरकडचा, एखादी बाईही घ्या.

अमळनेरची_मावशी:
आबा बरोबर बोलले. आमच्या बचत गटात मी एकदा एकीचा हप्ता वहीत मांडायला विसरले आणि तिलाच दोष दिला. नंतर बैठकीत सगळ्यांसमोर वही उघडून माझी चूक वाचून दाखवली. लाज वाटली, पण हप्ते थांबले नाहीत. आधी त्या भावाला परत घ्या बाबा. नियम नंतर.

केळीवाला_यावल:
आबा, मावशी, आज फोन केला त्यांना. परत यायला तयार आहेत, पण म्हणाले, 'माझा उडवलेला मेसेज मीच पुन्हा टाकणार, पावतीसकट, आणि त्याखाली तुझा अ‍ॅडमिन काय ते बोलेल.' मी हो म्हटलंय. साडूवाल्या मित्राला अजून सांगितलेलं नाही, उद्या त्याच्याकडेच केळीची कटाई आहे. कटाईच्या आधी सांगू की गाडी भरल्यावर?

अमळनेरची_मावशी:
आधी. नाहीतर म्हणेल, गाडी भरून घेतली आणि मग बोललास.