मदत हवी आहे: कामाचा ताण चांगला कुठपर्यंत आणि घातक कधी?

नमस्कार मंडळी. डेडलाइन जवळ आली की माझं काम झपाट्याने होतं, हे जुनंच आहे. छाती धडधडते, हात गार पडतात, पण डोकं लख्ख चालतं आणि काम संपलं की गाढ झोप लागते. हा ताण मला आवडतोच म्हणा ना! यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ च्या प्रयोगात उंदरांना अवघड गोष्ट शिकताना मध्यम तीव्रतेचा विजेचा धक्काच सर्वांत उपयोगी ठरला होता, तसंच काहीसं.

पण हल्ली काम संपलं तरी शरीर ते मानायला तयार नाही. सुट्टीच्या दिवशीही जबडा आवळलेला, पहाटे जाग येते ती येतेच, साध्या रिंगटोनने दचकायला होतं, सर्दी पाठ सोडत नाही. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक, दीर्घकाळ चढं राहिलं तर झोप, रक्तदाब, प्रतिकारशक्ती सगळंच बिघडू शकतं, एवढं वाचलंय. रक्तदाब मात्र नॉर्मल निघाला, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

ताण किती आहे यापेक्षा मधे सावरायला वेळ मिळतो की नाही, यावर सगळं ठरतं असं मला वाटतंय. बरोबर आहे का? आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवावं की थेट समुपदेशकाकडे जावं? ज्यांनी हे भोगलंय त्यांना पहिला फरक कशाने पडला? ‘ध्यान कर’ एवढंच कृपया सांगू नका, डोळे मिटले की कामांची यादीच दिसते.