सिनॉप्सिसच्या आधीची टिपणं आणि ‘ते एक वाक्य’: कुणी वाट दाखवेल का?

माणदेशी लिहिते:

नमस्कार मंडळी. मी दहिवडीच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. पीएचडीची प्रवेश परीक्षा (पेट) पास झाले, गाइड मिळाले, आता घोडं सिनॉप्सिसपाशी, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यापाशी अडलंय. विषय आहे ‘१९७२चा दुष्काळ आणि माण तालुका : एक ऐतिहासिक अभ्यास’. दोनदा लिहून दिला, दोनदा परत आला. दुसऱ्या खेपेला सरांनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं, ‘तुम्हाला म्हणायचंय काय?’

टिपणं नाहीत असं नाही. दोनशे पानी दोन वह्या भरल्यात. पुस्तकांच्या पानांचे फोन भरून फोटो आहेत. गॅझेटिअर, जनगणना पुस्तिका, रोजगार हमीवरचे लेख, पाऊस, तगाईची कर्जं, लाल मिलो ज्वारी, सुकडीचं वाटप, सगळं आहे. पण लिहायला बसले की ‘महाराष्ट्र हे दुष्काळप्रवण राज्य आहे’ ह्या वाक्यापुढं गाडी जात नाही.

माझी आजी त्या कामांवर होती. तिच्यामुळंच तर हा विषय घेतला. ती जे बोलली ते लिहून ठेवलंय, पण प्रपोजलमध्ये कुठं बसवायचं ते कळेना, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर पडून आहे.

समितीसमोर सादरीकरणाला तीन आठवडे आहेत. आपलं मुख्य म्हणणं सांगणारं ते एक वाक्य आधी ठरवायचं आणि मग टिपणं काढायची, की उलट?

सिनॉप्सिसवाला लिहितो:

ताई, टेन्शन घेऊ नका. प्रस्तावना, महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, पद्धती, व्याप्ती-मर्यादा, प्रकरणयोजना, संदर्भ. उद्दिष्टे पाच, गृहीतके तीन. ‘दुष्काळाचा जनजीवनावर परिणाम झालेला दिसून येतो’ असं एक गृहीतक टाकायचं. माझं पंधरा मिनिटांत आटोपलं, कुणी काही विचारलं नाही.

पाठकोरी लिहिते:

सिनॉप्सिसवाले भाऊ, समितीत विचारत नाहीत हे खरं. शेवटी तोंडी परीक्षेत, व्हायव्हाला विचारतात. आणि दुष्काळाचा जनजीवनावर परिणाम होत नाही असं म्हणणारा माणूस मला एकदा दाखवा, त्याच्यावरच पीएचडी करू.

माणदेशी बाई, तुमचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे. माझा पहिला आराखडा तीनदा परत आला होता. तेव्हा टायपिंगवाल्याला पानामागं पैसे द्यावे लागत, त्यामुळं प्रत्येक नकार थेट खिशाला लागायचा.

तुमच्या वह्या न बघता सांगते त्यात काय असेल. वर पुस्तकाचं नाव, खाली पुस्तकातलीच वाक्यं थोडी आखूड करून. पान नंबर निम्म्या ठिकाणी राहिलाय. बरोबर? हे झाले उतारे. त्यात तुम्ही कुठंच नाही, मग सर विचारणारच की म्हणायचंय काय.

ह्या उताऱ्यांनी मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. एका लेखात एक वाक्य लिहिलं, स्वतःवरच खूष झाले. छापून आल्यावर माझ्याच विद्यार्थ्यानं पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं. वाक्य दुसऱ्याचं, शब्दन् शब्द. चार वर्षांपूर्वीच्या टिपणात मी अवतरणचिन्ह घातलं नव्हतं, एवढंच. संपादकांना माफीचं पत्र लिहिलं. तेव्हापासून दुसऱ्याचे शब्द निळ्या शाईनं, अवतरणात, पान नंबरासकट, आणि माझं म्हणणं पेन्सिलीनं. मोबाइलवर लिहिणाऱ्यांनी रंग वापरावेत, झोटेरोसारख्या संदर्भ ठेवायच्या सॉफ्टवेअरात टॅग लावावेत, काहीही करावं, पण आपलं आणि परक्याचं एका भांड्यात कालवू नये.

आता काम सांगते. घरात क्लासच्या झेरॉक्स पडल्या असतील. पाठकोऱ्या. एकेका कागदाचे चार तुकडे करा. एका तुकड्यावर एकच गोष्ट. खाली रेघ, आणि रेघेखाली पेन्सिलीनं लिहायचं ‘मग?’. नमुना दाखवते:

‘१९७३च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती.’ (पुस्तक, पान नंबर)
———
मग? माणमधली किती? त्यात बायका किती? त्यांची नावं कुणी लिहिली?

५० लाखांचा आकडा तुमच्या वहीत नक्की असणार, आणि खाली दोन रेघा मारलेल्या असणार. तो ह्या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाकडं असतो. ‘नावं कुणी लिहिली’ हे मात्र तुम्हालाच सुचेल, कारण तुमच्या घरात एक बाई अशी आहे की जिचं नाव कुणीतरी लिहिलं होतं.

दोन्ही वह्या अशा उपसू नका, वेळ नाही. प्रत्येक वहीतून पंचवीस गोष्टी उचला. ज्या कार्डाला ‘मग?’ सुचत नाही ते बुटाच्या खोक्यात. पन्नासातली तीस तरी खोक्यात जातील. जाऊ द्या. पावसाचे मिलिमीटर बहुतेक तिथंच जातील.

वाक्य आधी की टिपणं आधी ह्याचं उत्तर असं की कच्चं वाक्य आज रात्रीच लिहायचं, चुकीचं का असेना. मग टिपणं त्याला ओरबाडतात, तेव्हा ते नीट होतं.

आणि शेवटच्या पानावर आजीचं काय आहे ते इथं लिहा बघू.

माणदेशी लिहिते:

पान नंबर निम्म्याहून जास्त ठिकाणी नाहीत. काय बोलू.

आजीचं वाक्य असं आहे: ‘आंगठा माझा, पैसं ह्यांच्या हातात.’ ती पाझर तलावाच्या कामावर माती काढायला होती. घरचे आणि भावकीतले मिळून एक टोळी. खणलेल्या चौकडीचं माप घ्यायचे, त्या हिशेबानं टोळीचे पैसे निघायचे आणि ते आजोबा घ्यायचे. त्याआधी काही दिवस ती रस्त्याच्या कामावर पाणी पाजायला होती. तिथं रोजावर. तिथला मुकादम पैसे तिच्याच हातात द्यायचा. त्यातून तिनं जर्मनचं एक पातेलं घेतलं. ते अजून आहे, बूड काळं ठिक्कर पडलंय, पण फेकू देत नाही.

माझं कच्चं वाक्य होतं, ‘दुष्काळी कामांमुळे माण तालुक्यातील स्त्रिया आर्थिकदृष्ट्या सक्षम झाल्या’. आजीचं बोलणं त्याच्या विरोधात जातं, म्हणून मागं टाकलं होतं. खरं सांगते.

पाठकोरी लिहिते:

अहो बाई, सोनं मागच्या पानावर टाकलंत आणि मिलिमीटर पुढं घेऊन बसलात!

परत वाचा. एकच बाई, एकच दुष्काळ, दोन कामं. एकीकडं पैसा हातात आला, दुसरीकडं आला नाही. बदललं काय? पैसे मोजायची रीत. मापावर टोळीला, रोजावर माणसाला. हे तुमच्या आजीनं एका ओळीत सांगितलं, आणि तुम्ही त्याला ‘विरोधात जातं’ म्हणताय.

कच्चं वाक्य आता असं लिहून बघा:

‘१९७२-७३च्या दुष्काळी कामांवर माण तालुक्यातील स्त्रियांची मजूर म्हणून नोंद झाली, तरी मजुरीचा ताबा त्यांच्याकडे आला की नाही हे मजुरी देण्याच्या पद्धतीवर ठरले : टोळीच्या मापावरील कामांत ती कुटुंबातील पुरुषाकडे गेली, रोजंदारीच्या कामांत स्त्रीच्या हाती राहिली.’

लांब आहे, नंतर कापा. पण ह्याला कुणीतरी ‘नाही’ म्हणू शकतो. रोजाचे पैसेही घरी गेल्यावर नवऱ्यानंच काढून घेतले असं म्हणू शकतो. टोळीतही बायका आपला वाटा मागून घेत, असंही म्हणू शकतो. मग तुम्हाला कागद आणि माणसं शोधावी लागतील. ‘सक्षम’ला काय शोधणार होता? सक्षम मोजायचं कशानं?

ह्या वाक्याच्या खाली आणखी एक ओळ लिहा: ‘हे खोटं ठरेल, जर…’. ती ओळ समितीला दाखवायची नाही, स्वतःसाठी. ज्या मुलीला ही ओळ लिहिता यायची तिचा आराखडा मी सही करून पुढं पाठवायचे. बाकीच्यांना चहा पाजून परत.

मुलाखतींबद्दल एक. म्हाताऱ्या माणसांना ‘बहात्तर साली काय झालं’ असं विचारू नका. बावन्नच्या दुष्काळाचं आणि बहात्तरचं एकमेकांत मिसळतं, शिवाय टीव्हीवर ऐकलेलं त्यात येतं. ‘थोरला कडेवर होता की पोटात’ असं विचारा. बायकांची साल मोजायची पट्टी पोरांची असते. आणि घाई करा. तेव्हा विशीत असलेली बाई आज सत्तरीच्या पुढं आहे.

तासगावकर लिहितो:

महसुलात होतो, आता निवृत्त. पाठकोरी मॅडमचं सगळं पटलं, पण वाक्य पक्कं करायच्या आधी कागद आहेत का ते बघा. मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपत्रकावर, सगळा डोलारा उभा कराल आणि मस्टर कधीच नष्ट झालेलं असेल. सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम ठेवायचा, ‘ड’ वर्षभरानं काढून टाकायचा, बाकीचे मधले. पन्नास वर्षांपूर्वीचं हजेरीपत्रक सहसा मिळत नाही. मिळालं तर ते चुकून राहिलं असेल. नाहीच मिळालं तर कुठल्या कामाला कोणत्या रीतीनं पैसे द्यायचे ह्याचे आदेश बघा, विधिमंडळाच्या कार्यवाहीतले प्रश्नोत्तरं बघा, ‘ऐक्य’ आणि ‘सकाळ’च्या त्या दोन वर्षांच्या फायली चाळा. अभिलेख कक्षात जाताना जुनी साडी नेसून जा, धूळ फार.

दुसरं, दुष्काळी कामं आणि रोजगार हमी ह्यांची भेळ करू नका. सगळे करतात. रोजगार हमीचा विसापूरचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांच्या पुढाकारानं साठच्या दशकातला, आमच्याच तालुक्यातला, म्हणून जरा अभिमानानं सांगतो. ७२-७३ची कामं ही टंचाईची कामं. हमीचा कायदा १९७७चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ला. त्यासाठी पैसा उभा करायला व्यवसाय कर आला १९७५ला. तुमच्या पगारातून अजून कापतात बघा. तुमचं वाक्य ७३ला थांबतंय की ७९पर्यंत जातंय हे शीर्षकातच कळलं पाहिजे. माझं मत, थांबा. एवढंच नीट करायला तीन वर्षं जातील.

सिनॉप्सिसवाला लिहितो:

मॅडम, टोमणा पोचला 🙂 पण एक विचारू? विधान एवढं नेमकं लिहिलं आणि पुढं काहीच सापडलं नाही, तर मंजूर झालेला विषय बदलायला परत अर्ज, परत समिती. म्हणून आम्ही मोघम ठेवतो. आळस नाही तो, अनुभव आहे.

पाठकोरी लिहिते:

हे मात्र बरोबर बोललात, आणि आधीच असं बोलला असता तर टोमणा वाचला असता. शीर्षक थोडं सैल ठेवा, विधान घट्ट ठेवा. शीर्षक ‘माण तालुक्यातील दुष्काळी कामे आणि स्त्रियांची मजुरी (१९७२-७३)’. परत अर्ज करावा लागतो तो शीर्षकासाठी. विधान तुम्ही पाचव्या प्रकरणापर्यंत बदलत राहाल, कुणाला पत्ता लागत नाही. ‘एक ऐतिहासिक अभ्यास’ तेवढं काढून टाका. इतिहासाच्या विभागात भौतिकशास्त्राचा अभ्यास होणार होता का?

माणदेशी लिहिते:

बारा दिवसांनी येतेय. बावन्न कार्डं झाली, चौतीस खोक्यात. मिलिमीटर खोक्यातच गेले.

तासगावकर काका, मस्टर नाही मिळालं. तुम्ही म्हणालात तसंच. पण एका कचेरीत पाझर तलावाच्या कामाची एक फाइल होती, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यात टोळ्यांची यादी निघाली, टोळीप्रमुखाचं नाव आणि पुढं माणसांचा आकडा. फोटो काढू देत नव्हते, म्हणून हातानं उतरवली. ह्या वेळी पान नंबरासकट.

एकोणीस टोळ्यांपैकी एका टोळीच्या प्रमुखाच्या रकान्यात बाईचं नाव आहे. घरी येऊन आजीला विचारलं. ती लगेच ओळखली. म्हणाली, ती रांडमुंड होती, कुणी टोळीत घेईना, म्हणून तिनं तिच्यासारख्या सात-आठ जणी जमवल्या. पैसे तिच्याच हातात यायचे आणि ती झाडाखाली बसून वाटायची.

म्हणजे मापावरच्या कामातही बाईच्या हातात पैसे आले. मग माझं वाक्य पडलं ना? पाच दिवसांत सादरीकरण आहे.

पाठकोरी लिहिते:

पडलं नाही, त्याला पाय फुटला. ‘कुटुंबाची टोळी’ असा शब्द घाला, आणि ते कार्ड गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवा. सादरीकरण त्याच्यापासूनच सुरू करा. त्या सात-आठ जणींपैकी कुणी हयात आहे का, हे आजीला आज रात्रीच विचारा.

माणदेशी लिहिते:

विचारलं. एक आहे, म्हसवडला, लेकीकडं. रविवारी जातेय.