मदत हवी आहे: अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षेत आधी सीएस-१ (संख्याशास्त्राचा विषय) द्यावा की सीएम-१ (विमा व व्याजाच्या गणिताचा विषय)?

नमस्कार. मी निपाणीचा असून राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात गणित आणि संख्याशास्त्र शिकत आहे. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया या अ‍ॅक्च्युअरींच्या, म्हणजे विम्यातील जोखमीचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञांच्या, संस्थेची एसेट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालो आहे. पुढच्या सत्रात एकाच विषयाचे शुल्क भरणे शक्य आहे, आणि पुण्या-मुंबईला राहून शिकवणी लावता येणार नाही.

सीएस-१ मधील संभाव्यता, वितरणे व परिकल्पना चाचण्या पदवीच्या अभ्यासामुळे जमतात, ‘आर’ या संगणकीय भाषेत प्रतिगमनाचा सरावही केला आहे, मात्र बेझियन पद्धतीत पूर्ववितरण (माहिती पाहण्याआधीचा अंदाज) कशाच्या आधारे निवडावे आणि त्यातून क्रेडिबिलिटीचा गुणक (प्रत्यक्ष माहितीला किती वजन द्यायचे ते सांगणारा आकडा) कसा येतो, हे जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे वाचूनही उलगडलेले नाही. सीएम-१ मधील चक्रवाढ व्याज सोपे वाटते. जीवनसारणीतील (वयानुसार मृत्यूच्या शक्यता देणाऱ्या तक्त्यातील) संभाव्यतेला व्याजदराची जोड देऊन विम्याचा हप्ता ठरतो, ही कल्पना मला अतिशय सुंदर वाटते, परंतु राखीव निधीची (पुढच्या दाव्यांसाठी बाजूला ठेवायच्या रकमेची) गणिते आणि त्यांची एक्सेलमधील मांडणी माझ्यासाठी पूर्णपणे नवी आहे.

ज्यांनी हे दोन्ही विषय शिकवणीशिवाय पूर्ण केले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: माझ्यासारख्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी कोणता विषय द्यावा, आणि सीएस-१ दिल्यास बेझियन भागाची तयारी कोणत्या क्रमाने करावी?