असिमोव्ह वाचायचा क्रम आणि विज्ञानलेख : मदत हवी आहे

मंडळी, नववीतल्या भाचीने विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्हची 'रनअराउंड' ही १९४२ची कथा वाचली आणि ती पार झपाटून गेली आहे. बुध ग्रहावर सेलेनियमच्या तळ्याभोवती तो रोबो नुसता गोल गोल फिरत राहतो. आज्ञा पुढे ओढते, स्वतःचा जीव वाचवायचा नियम मागे खेचतो आणि दोन्ही तुल्यबळ! दोन दिवस ती कागदावर त्याच चकरा काढत बसली होती.

आता तिला 'फाउंडेशन' ही त्यांची कादंबरीमालिका हवीय. मूळ तीन पुस्तकं १९५१ ते १९५३मधली, पण कथेतला काळ धरला तर १९८८चं 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' आधी येतं. मला प्रकाशनाचाच क्रम योग्य वाटतो. तुमचा अनुभव काय?

खरी अडचण लेखांची आहे. १९५८पासून त्यांनी एकाच मासिकात दरमहा लिहिलेले विज्ञानलेख ३९९ भरतात! 'द रिलेटिव्हिटी ऑफ राँग' मी वाचलाय. पृथ्वीची वक्रता मैलामागे जेमतेम ८ इंच, सपाट मानली तर शून्य. म्हणजे जुन्या लोकांची चूक किती छोटी होती, हे ते इतकं सोपं करून सांगतात की लगेच कुणाला तरी समजावून सांगावंसं वाटतं.

असे, अजूनही ताजे वाटणारे लेख कुठल्या संग्रहांत आहेत? ग्रहांविषयीची माहिती आता जुनी झाली असणार, तेव्हा गणित आणि रसायनशास्त्रावरचे आधी सुचवा. चांगला मराठी अनुवाद कुणी वाचला असेल तर तोही सांगा.